प्रीरनने बघावं, हात लावू नये

डिस्कचा बेंचमार्क म्हटला की आपल्याकडे वाद कशावर होतो? ब्लॉक साईज चार केबी ठेवायची की आठ, क्यू डेप्थ १ की ३२, रीड-राईट ७०-३० की ५०-५०. या वादांत मी मीटिंग रूममधे तासन् तास बसलोय, चहाचे कप मोजत. आणि हल्ली माझं असं ठाम मत व्हायला लागलंय की खरा आकडा बरेचदा तिथे ठरतच नाही. तो ठरतो जॉब फाईलमधल्या एका ओळीत, जी सगळ्यात वर कुठेतरी पडलेली असते, कोणीतरी कधीतरी कुठूनतरी आणून चिकटवलेली असते, आणि जी कोणीही वाचत नाही. ती ओळ म्हणते : टेस्ट सुरू व्हायच्या आधी ही शेल कमांड चालव.

आज त्या ओळीबद्दल लिहायचंय. विषय रुक्ष आहे, मान्य. पण शनिवार सकाळ आहे, पोहे झालेत, तर थोडं सहन करा :-)

(एक सूचना : कमांड्स देवनागरीत लिहिल्यात. कॉपी-पेस्ट करून चालणार नाहीत. लेख वाचून संपेल तेव्हा कळेल की हा तोटा नसून फायदा आहे.)

ज्यांचा स्टोरेजशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. लिनक्सवर डिस्कचा वेग मोजायचा तर बहुतेक सगळे एफआयओ वापरतात, बोलताना आम्ही त्याला सरळ ‘फायो’ म्हणतो. लिहिणारा येन्स ॲक्सबो, लिनक्स कर्नलच्या ब्लॉक लेयरचा मेंटेनर. २०१९ साली कर्नल ५.१ मधे आलेलं आयओ-यूरिंग हेही त्याचंच. फायो लिहिण्यामागचं त्याचं कारण अगदी आपल्यासारख्या आळशी इंजिनिअरला पटेल असं आहे : प्रत्येक वेळी वेगळा वर्कलोड तपासायचा म्हणून वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहायचा कंटाळा. त्यापेक्षा एकच टूल करायचं, आणि वर्कलोडचं वर्णन एका साध्या टेक्स्ट फाईलमधे द्यायचं. हीच ती जॉब फाईल.

या जॉब फाईलमधे दोन ऑप्शन्स आहेत. एक्झेक_प्रीरन आणि एक्झेक_पोस्टरन. पहिल्यात दिलेली कमांड जॉबच्या आधी चालते, दुसऱ्यातली नंतर. कमांडचं आउटपुट जॉबच्या नावाच्या एका टेक्स्ट फाईलमधे जातं. जॉबचं नाव ‘वाचन’ असेल तर वाचन.प्रीरन.टीएक्सटी आणि वाचन.पोस्टरन.टीएक्सटी. झालं, एवढंच. आणि ही सोय काही एकट्या फायोची नाही. व्हीडीबेंचमधे स्टार्टकमांड-एंडकमांड आहे, कमांडचा वेळ मोजणाऱ्या हायपरफाईनमधे ‘प्रिपेअर’ आहे. म्हणजे गरज खरी आहे. मोजण्याआधी काहीतरी आवराआवर करावीच लागते.

आवराआवर म्हणजे मुख्यतः कॅश रिकामी करणं. लिनक्स एकदा वाचलेली फाईल रॅममधे ठेवून देतं, आणि पुन्हा मागितली की डिस्कला न विचारताच देतं. एरवी हे फार छान. पण डिस्क मोजायची असेल तर हे म्हणजे मिठाईच्या दुकानात पेढ्यांबरोबर खोकंही तोलण्यासारखं झालं. काट्यावरचा आकडा खरा असतो, फक्त तो पेढ्यांचा नसतो.

मग खोकं बाजूला काढायला लिनक्समधे २००६ पासून, म्हणजे कर्नल २.६.१६ पासून, एक जागा आहे : प्रॉक फाईलसिस्टममधली ड्रॉप_कॅशेस नावाची फाईल. तिच्यात १ लिहिलं की फाईलींचा डेटा रॅममधून जातो, २ लिहिलं की डिरेक्टरीच्या नोंदी आणि आयनोड, ३ लिहिलं की दोन्ही. फक्त डिस्कवर पोचलेली पानंच टाकली जातात, म्हणून आधी सिंक करायचं. त्यामुळे जगभरच्या जॉब फाईलींमधे एक ओळ दिसते, साधारण अशी :

एक्झेक_प्रीरन = सिंक && एको ३ > ड्रॉप_कॅशेस

वाचून काय वाटतं? सिंक कर, मग ड्रॉप_कॅशेसमधे ३ लिही. लख्ख आहे. कोड रिव्ह्यूमधे मीही ही ओळ पाच सेकंदांत पास केली असती.

ही ओळ फायोमधून चालवली तर कॅश रिकामी होत नाही.

हो, परत वाचा. होत नाही. आणि कुठेही एरर येत नाही.

कारण समजायला फायोचा सोर्स उघडायला लागतो (बॅकएंड.सी, फार शोधायला लागत नाही). फायो आपली कमांड जशीच्या तशी चालवत नाही. तो त्या स्ट्रिंगच्या शेवटी स्वतःची शेपटी जोडतो : ‘> वाचन.प्रीरन.टीएक्सटी २>&१’. म्हणजे आउटपुट त्या टेक्स्ट फाईलमधे जावं. आणि मग ती पूर्ण स्ट्रिंग सिस्टम() या जुन्या सी फंक्शनला देतो, जे ती शेलच्या हातात देतं. म्हणजे शेलला प्रत्यक्षात दिसतं ते असं :

सिंक && एको ३ > ड्रॉप_कॅशेस > वाचन.प्रीरन.टीएक्सटी २>&१

एका कमांडला दोन ‘>’. शेलचा नियम असा की रीडायरेक्शन डावीकडून उजवीकडे लागतात आणि शेवटचं जिंकतं. शेल ड्रॉप_कॅशेस उघडतं, मग टीएक्सटी फाईल उघडतं, आणि एकोचं आउटपुट टीएक्सटीकडे वळवतं. ड्रॉप_कॅशेस नुसती उघडून बंद होते, तिच्यात एक अक्षरही लिहिलं जात नाही. ३ जातो टेक्स्ट फाईलमधे. एको यशस्वी, एक्झिट कोड शून्य, फायो खूश, टेस्ट सुरू.

यातली खरी गंमत पुढे आहे. समजा एखाद्याला शंका आली आणि त्याने वाचन.प्रीरन.टीएक्सटी उघडून बघितली. तिच्यात काय दिसेल? ‘३’. तो म्हणेल, वा, तीन लिहिलं गेलंय की! आता हीच कमांड कोणी टी वापरून लिहिली असती, म्हणजे एको ३ करून पाईपने टी ड्रॉप_कॅशेसला दिली असती, तर ती बरोबर चालली असती, कारण टी स्वतः फाईलमधे लिहितं आणि शिवाय स्क्रीनवरही तेच दाखवतं. (हायपरफाईनच्या माहितीपत्रकात याच कामासाठी टी वापरलंय.) आणि तेव्हा त्या टीएक्सटी फाईलमधे काय दिसलं असतं? ‘३’! चुकलेल्या आणि बरोबर कमांडचा पुरावा अक्षरशः एकच. पोलिसांनी काय करायचं सांगा.

अजून एक. हीच ओळ रूट नसताना चालवली तर? तर शेलला ड्रॉप_कॅशेस उघडताच येत नाही, ‘परमिशन डिनाईड’ म्हणून आरडाओरडा होतो, एक्झिट कोड शून्य नसतो आणि फायो जॉब थांबवतो. म्हणजे अधिकार नसताना टूल प्रामाणिक, आणि अधिकार असताना गप्प. व्यवस्थेवर टिप्पणी करायचा मोह आवरतो. असो.

‘बरं मग? एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतं?’ असं कोणी म्हणेल. सांगतो.

काही काळापूर्वी माझ्याकडे एक रिपोर्ट तपासायला आला होता. दुसऱ्या टीमने केलेला. ग्राहक म्हणजे एक मध्यम आकाराची पतसंस्था, बऱ्याच शाखा, रोज संध्याकाळी सगळ्या शाखांचं डे-एंड एका सर्व्हरवर चालतं. नवीन सर्व्हर घ्यायचा होता आणि प्रश्न सरळ होता : बारा साध्या फिरत्या डिस्कचा ॲरे पुरेल की एसएसडीचे पैसे मोजायचे? पतसंस्थेच्या दृष्टीने तो फरक मोठा होता. रिपोर्टचं उत्तर : ॲरे पुरतो. रँडम रीड पाच आकडी आयओपीएस, एक्सेलमधे हिरव्या रंगात.

आता इथे शेल वगैरे यायच्याही आधी शाळेतलं गणित करून बघा. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्यात हेड हलवायचा वेळ आठ-नऊ मिलिसेकंद धरा. एक रँडम रीड साधारण १३ मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला ७५-८०. बारा डिस्कचे हजाराच्या आत-बाहेर. क्यू लांब ठेवली, डिस्कने क्रम लावून वाचलं, टेस्टची फाईल लहान म्हणून हेडला फार पळावं लागलं नाही, असं सगळं उदार मनाने धरलं तरी दोन हजार म्हणा. पाच आकडी येतातच कुठून? लोखंड इतक्या वेगाने फिरत नाही.

मी त्या टीमच्या सीनियरला फोन केला. संवाद साधारण असा :

‘सर, टेस्टची फाईल केवढी होती?’
‘वीस जीबी.’
‘आणि रॅम?’
‘चौसष्ट. पण अरे, कॅश ड्रॉप करतोय ना आम्ही, प्रीरनमधे आहे बघ. उगाच शंका काढू नकोस.’

प्रीरनमधे होतीच. वर लिहिलीये तीच ओळ, जशीच्या तशी. शिवाय जॉब फाईलमधे ‘इनव्हॅलिडेट = ०’ असंही होतं. हे महत्त्वाचं आहे. फायो मुळात स्वतःहूनच जॉब सुरू करण्याआधी त्या फाईलची कॅश काढून टाकायला कर्नलला सांगतो, ते डीफॉल्ट चालू असतं. या लोकांनी ते बंद केलेलं, कारण ‘प्रीरन आहेच की, दोनदा कशाला’. म्हणजे चालणारं कुलूप काढून ठेवलं आणि दाराला कुलपाचं चित्र लावलं. आणि डायरेक्ट आयओ बंद होता, कारण त्यांचं ॲप्लिकेशन बफर्ड आयओ करतं (हे कारण मात्र रास्त होतं). झालं, फायोने टेस्टसाठी वीस जीबीची फाईल लिहिली, ती लिहितानाच रॅममधे बसली, आणि सगळी टेस्ट रॅमने दिली. पतसंस्थेला विकायला निघालेला ॲरे त्या दिवशी आराम करत होता.

आणि याचा पुरावा त्याच रिपोर्टच्या पोटात होता, हे मला जास्त लागलं. फायो आउटपुटच्या अगदी शेवटी डिस्क स्टॅट्स छापतो : खालच्या डिस्ककडे प्रत्यक्षात किती रीड गेले, ती किती टक्के वेळ कामात होती. तिथे आकडे जवळजवळ शून्य होते. पण एक्सेलमधे कॉपी होते फक्त आयओपीएसची ओळ.

कमांड नीट करून, प्रत्येक वेळी कॅश गेली की नाही हे मेमइन्फोमधे बघून परत टेस्ट केली, तर आकडा तीन आकडी आला. शाळेतल्या गणिताच्या आसपास. पतसंस्थेला मग एसएसडी घ्या म्हणून सांगितलं गेलं. आता विचार करा, पहिला रिपोर्ट तसाच गेला असता तर? कोणाचं काय गेलं असतं? ज्याने ती ओळ कुठूनतरी चिकटवली त्याचं काही नाही. एक्सेल रंगवणाऱ्याचं काही नाही. पण कुठल्यातरी तालुक्याच्या गावी शाखेतला कारकून रोज संध्याकाळी डे-एंड संपायची वाट बघत बसला असता, शेवटची एसटी चुकवली असती, आणि त्याला वाटलं असतं की ‘कॉम्प्युटरचं असंच असतं’. आपल्या धंद्यातल्या चुका आपल्याला कधीच भेटायला येत नाहीत, त्या दुसऱ्याच्या घरी उशिरा पोचतात.

तर आता माझं मत. एका वाक्यात : प्रीरनने बघावं, हात लावू नये.

मी या हुक्सच्या विरोधात नाही. उलट मला वाटतं ते फार चांगले आहेत, फक्त आपण ते भलत्याच कामाला लावतो. त्यांची रचनाच बघा ना. कमांडचं आउटपुट जपून, जॉबच्या नावाने, निकालाच्या शेजारी ठेवलं जातं. ही रचना कशासाठी सोयीची आहे? नोंद करण्यासाठी. टेस्टच्या आधी कर्नल कुठला होता, डिस्कचं फर्मवेअर कुठलं, एसएसडीचं तापमान किती, किती डेटा आजवर लिहिला गेलाय, आयओ शेड्यूलर कुठला निवडलाय. हे सगळं प्रीरनमधे बघा, आणि तापमान व लिहिलेला डेटा पोस्टरनमधे परत बघा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं ‘हा आकडा कसा आला’, तर उत्तर शेजारच्याच फाईलमधे असेल. आणि अशी ‘बघणारी’ कमांड फसली तरी मोजमाप बिघडत नाही, फार तर नोंद कमी पडते. ‘हात लावणारी’ कमांड फसली तर मोजमापच खोटं होतं, आणि आत्ताच बघितलं तसं, ती फसलीये हे कळतही नाही.

फायोमधे पुढे एक एक्झेक नावाचं इंजिनही आलं. त्यात जॉब म्हणून सरळ एखादा बाहेरचा प्रोग्रॅमच चालतो, बाकीच्या जॉब्सच्या बरोबरीने. त्याच्या डॉक्युमेंटेशनमधे उपयोग कोणता सांगितलाय? जॉब चालू असताना मॉनिटरिंग. म्हणजे बघणंच. मला हे माझ्या बाजूचं वाटतं :-)

‘हात लावणं’ प्रीरनमधे नको याची कारणं फक्त ‘>’ पुरती नाहीत. अजून तीन सांगतो.

एक, प्रीरन जॉबचा असतो, टेस्टचा नाही. नमजॉब्स = ४ दिलं की चार प्रोसेस होतात आणि चौघी आपापला प्रीरन चालवतात, आणि नाव एकच असल्याने एकाच टीएक्सटी फाईलवर लिहितात. एकीचा प्रीरन लवकर संपला तर ती वाचायला सुरुवात करते, तोवर दुसरी कॅश ड्रॉप करत असते. म्हणजे पहिलीच्या शर्यतीत मधेच कोणीतरी ट्रॅकवर पाणी मारलं. ‘सगळ्यांचे प्रीरन संपेपर्यंत थांबा’ असं काही त्यात नाही.

दोन, प्रीरन वाटतो तितका ‘प्री’ नसतो. फायो टेस्टच्या फाईली साधारणतः त्याआधीच तयार करून ठेवतो. म्हणून प्रीरनमधे माउंट करणं, नवीन फाईलसिस्टम बनवणं असले उद्योग केले तर फाईली जुन्या जागी आणि टेस्ट नवीन जागी असा घोळ होतो. नाव प्रीरन असलं तरी मांडव आधीच घातलेला असतो.

तीन, एसएसडी. हा सापळा सगळ्यात गोड. ‘दर वेळी कोरी डिस्क हवी’ म्हणून लोक टेस्टच्या आधी ब्लकडिस्कार्ड चालवतात, म्हणजे डिस्कला सांगायचं की तुझ्यातलं सगळं निरुपयोगी आहे. आणि लगेच रँडम रीड मोजतात. आता बऱ्याच एसएसडी अशा टाकून दिलेल्या ब्लॉकचा रीड आला की फ्लॅश चिपकडे जातच नाहीत, कंट्रोलर स्वतःच शून्य देऊन मोकळा होतो. आकडे स्वप्नवत येतात. आपण मोजलं काय, तर कंट्रोलर ‘काही नाही’ किती वेगाने म्हणू शकतो ते! राईटचंही तेच, कोऱ्या एसएसडीचा पहिल्या तासाचा वेग हा नव्या जावयाचा पहिला आठवडा असतो, त्यावरून अंदाज बांधायचा नसतो. एसएनआयए या स्टोरेज उद्योगाच्या संस्थेचा एसएसडी मोजण्याचा जो स्पेसिफिकेशन आहे, त्यात क्रम स्पष्ट आहे : आधी डिस्क पुसा, मग पूर्ण क्षमतेच्या दुप्पट डेटा सलग लिहा, मग वर्कलोड फेऱ्याफेऱ्यांनी चालवत राहा, आणि सलग पाच फेऱ्यांचे आकडे स्थिरावले (पसारा सरासरीच्या २० टक्क्यांत, कल १० टक्क्यांत) की मगच ते आकडे धरा. ही सगळी कसरत एका प्रीरनच्या ओळीत मावत नाही. मावायला जाऊही नये.

याच्यावर माझ्या टीममधला एक मित्र (तो हे वाचणार आहे, त्यामुळे नीट लिहितो) म्हणतो, की अरे पण एकाच फाईलमधे सगळं असण्यात मजा आहे. जॉब फाईल कोणालाही पाठवा, तो चालवेल, तेच होईल. वेगळी स्क्रिप्ट असली की ती हरवते, जुनी होते, जॉब फाईल एकीकडे आणि स्क्रिप्ट भलतीकडे. त्याचा मुद्दा चुकीचा नाहीये. दोन फाईली म्हणजे दोन ठिकाणी धूळ. पण ‘तेच होईल’ हे खरं नाही. त्याच्या मशीनवर ‘एसएच’ म्हणजे बॅश असेल तर माझ्या उबुंटूवर २००६ पासून ती डॅश आहे, आणि बॅशचे दुहेरी कंस किंवा ‘सोर्स’ असलं काही तिला कळत नाही. जॉब फाईलमधे सेमीकोलन आणि हॅश या कॉमेंटच्या खुणा आहेत, तर शेलमधे सेमीकोलन कमांड जोडतो. एका ओळीवर दोन भाषांचं राज्य आहे, आणि सीमावाद मिटलेला नाही. ओळ दोन्हीकडे चालते असं वाटतं, आणि नेमकं तिथेच घसरायला होतं. स्क्रिप्ट हरवू नये म्हणून जॉब फाईलच्याच गिट रिपॉझिटरीत ठेवा ना, त्याला कोण नको म्हणतंय?

आणि पाठवण्यावरून आठवलं. ‘जॉब फाईल कोणालाही पाठवा’ यातच एक धोका आहे जो कोणी बोलत नाही. कच्च्या डिस्कवर टेस्ट करायची तर फायो बहुतेक वेळा रूट म्हणून चालतो. म्हणजे मेलमधून आलेली जॉब फाईल ही ‘कॉन्फिगरेशन’ नाही, ती रूटने चालवायची शेल स्क्रिप्ट आहे, फक्त वेष वेगळा. कोणी पाठवलेली डॉट एसएच फाईल आपण निदान एकदा वाचतो. जॉब फाईल वाचतो का? त्यात फायोचा सर्व्हर मोड आहे : एका मशीनवर फायो ८७६५ पोर्टवर ऐकत बसतो आणि दुसऱ्या मशीनवरून त्याला जॉब फाईल पाठवायची. पासवर्ड वगैरे काही नाही. लॅबच्या बंद नेटवर्कमधे ठीक आहे. पण तो कुठे उघड्यावर राहिला, तर पोर्ट ज्याला सापडला त्याला रूट शेल दिल्यासारखंच आहे. (प्रीरन नसता तरी तो तुमची डिस्क पुसू शकला असताच म्हणा, पण म्हणून घराची किल्लीही कशाला द्यायची?)

मग मी काय करतो? फार काही थोर नाही.

हात लावायची सगळी कामं एका बाहेरच्या स्क्रिप्टमधे. पहिल्या ओळीत बॅश हवी असं स्पष्ट लिहिलेलं, आणि कुठलीही कमांड फसली की तिथेच थांबायची सेटिंग. प्रत्येक ‘केलं’ नंतर एक ‘झालं का’. कॅश ड्रॉप केली, तर मेमइन्फोमधला कॅश्डचा आकडा आधी आणि नंतर छापायचा, आणि पडला नसेल तर स्क्रिप्ट मरते. गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकला, तर परत वाचून बघायचा. गव्हर्नर पूर्ववत करणं हेही पोस्टरनवर सोडायचं नाही, कारण कोणी फायोला मधेच किल केलं तर पोस्टरन येणार कुठून? स्क्रिप्टच्या ट्रॅपमधे ते टाकायचं. फायोमधे ज्याची स्वतःची सोय आहे (इनव्हॅलिडेट, डायरेक्ट, रॅम्प टाईम) ती शेलने परत करायची नाही. आणि हे सगळं झाल्यावर मग फायो, ज्याच्या प्रीरन-पोस्टरनमधे फक्त बघणाऱ्या कमांड्स.

अगदीच प्रीरनमधे कॅश ड्रॉप करायची हौस असेल तर पूर्ण कमांड कंसात घाला, म्हणजे फायोची शेपटी कंसाबाहेर लागेल. किंवा सिसकंट्रोल वापरा, ती फाईलमधे स्वतः लिहिते, ‘>’ चा प्रश्नच येत नाही. चालेल. पण कंस काढून टाकणारा पुढचा माणूस कोण असेल हे तुम्हाला माहीत नाही, आणि त्याला तो कंस ‘उगाचच’ वाटणार आहे.

फायो लिहिणाऱ्यांना यात दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांनी आउटपुट जपून ठेवायची चांगली सोय केली. सिस्टम() ने जे करायचं ते केलं, शेलने तिचा जुना नियम पाळला, एकोने इमानदारीत ३ लिहिला. प्रत्येक जण बरोबर वागला आणि एकत्र येऊन खोटं बोलले. ऑफिसात असे प्रोजेक्ट्स तुम्हीही बघितले असतील. म्हणून मला वाटतं ‘कमांड यशस्वी झाली’ आणि ‘काम झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे आपण एकमेकांना वारंवार सांगायला पाहिजे. एक्झिट कोड पहिलंच वाक्य सांगतो. दुसरं आपण जाऊन बघायचं असतं.

सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. तुमच्या टीमची कुठलीही जॉब फाईल किंवा बेंचमार्क स्क्रिप्ट उघडा, आधी चालणाऱ्या कमांड्स शोधा, आणि प्रत्येकीपुढे विचारा : ही बघतेय की हात लावतेय? लावत असेल, तर तिने लावला हे कशावरून? आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला हिरव्या रंगातला आयओपीएसचा आकडा दाखवला, तर वाद ब्लॉक साईजवर घालू नका. फायोचं पूर्ण आउटपुट मागा, शेवटच्या डिस्क स्टॅट्ससकट. दिलं नाही, तर आकडाही घेऊ नका.

तुमच्याकडे असे गप्प बसणारे प्रीरन सापडले तर जरूर कळवा. पोस्टरनचे किस्से असतील तर अजूनच उत्तम, त्यांच्याकडे तर कोणी बघतच नाही. पोस्टरनचा एक्झिट कोड फायो विचारातच घेत नाही...